वापरातली चांदी

फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घराच्या दारात भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या जुडीवरून हुज्जत घालत होते. लातूरहून हलकुडे सरांच्या पत्नी, शांतावहिनी बोलत होत्या. "बाई, सर गेले हो..." एवढं म्हणून उलट त्यांनीच मला धीर दिला. "झोपेतच गेले. त्रास न्हाई झाला काही. या तुम्ही." भाजीवाल्यानं माझं तोंड पाहिलं आणि वाद सोडून दोन जुड्या गुपचूप पिशवीत टाकल्या. सर असते तर म्हणाले असते, बघा बाई, मी गेलो पण तुमचा सौदा करून गेलो.

गुरुनाथ हलकुडे हे नाव या पुरवणीच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेलं नसणार. लातूरच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि मी गणित. पण चित्रकला हा त्यांचा पगाराचा विषय. जीव होता तो चांदीत. चांदीचा पत्रा घ्यायचा, लाकडी ओंडक्यावर ठेवून हातोडीनं ठोकत ठोकत त्याची वाटी, पेला, ताट, तबक असं काहीतरी जेवणाखाण्याचं भांडं घडवायचं, आणि मग ते ज्याच्या घरी गेलं त्यानं ते रोज वापरावं म्हणून हात धुऊन त्याच्या मागे लागायचं, असा हा माणूस. घडवण्याचं काम त्यांना जमायचं. मागे लागण्याचं मात्र आयुष्यभर जमवावं लागलं.

जाण्याच्या थोडेच दिवस आधी ते डोळे दाखवायला नांदेडला आले होते. न कळवता, बरोबर जेवणाच्या वेळेला, आणि पायरीवर चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात. माझ्या ताटाशेजारी त्यांच्याच हातची एक वाटी होती, ताकानं भरलेली. ती उचलून त्यांनी उजेडाकडे धरली, कड बघितली, बूड बघितलं आणि खाली ठेवून म्हणाले, "पास."

"इतकी वर्षं पासच आहे मी. एकदाचं प्रमाणपत्र तरी द्या," मी म्हटलं.

"तुमच्याकडं काय बघायचं, बाई! नापासांकडं जायचं सोडून उगं इकडं आलो." आणि मग बैठक मारून तीन भाकरी खाल्ल्या. डॉक्टरांनी डोळ्यांचं काय सांगितलं हे मी विचारलं तर म्हणाले, वाटीची कड दिसती, अजून काय पाहिजे... तीच शेवटची भेट. मला त्या भेटीतलं दुःखाचं असं काही आठवायचं म्हटलं तरी आठवत नाही. त्यांनी लोणच्याला नाव ठेवलं होतं, एवढंच.

माझं माहेर मुखेडचं, तिथल्या बौद्धवाड्यातलं. लातूरच्या शाळेत गणिताची बाई म्हणून लागले तेव्हा गावात माझं ओळखीचं कुणी नव्हतं, आणि लातूर तेव्हा जिल्ह्याचं ठिकाणही नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी नववीला भूमिती शिकवत होते आणि मैदानाच्या टोकाच्या पत्र्याच्या शेडमधून सारखं टक टक, टक टक ऐकू येत होतं. पोरं निवांत बसलेली. कुणीतरी म्हणालं, "बाई, हलकुडे सर भांडं करून राहिलेत." तास संपल्यावर मी तावातावानं शेडकडे गेले. चिंचेच्या बुंध्याच्या ओंडक्यासमोर मांडी घालून एक सडपातळ, कपाळाला विभूती लावलेला माणूस बसला होता. मी भांडायला तोंड उघडायच्या आत त्यानंच विचारलं, "तुम्ही गणिताच्या नवीन बाई ना? बरं झालं आलात. मला एवढी रुंद आणि एवढी खोल वाटी पाहिजे. पत्र्याची चकती केवढी कापू?"

भांडण राहिलं बाजूला. मी तिथेच जमिनीवर खडूनं अर्धगोल काढला, क्षेत्रफळ काढलं, त्याएवढ्या वर्तुळाची त्रिज्या काढली आणि मोठ्या ऐटीत आकडा सांगितला. सरांनी भक्तिभावानं तेवढी चकती कापली. पण चांदी काही माझी भूमिती शिकून आलेली नव्हती. ती ठोकली की पातळ होते आणि पसरते, हे मला ठाऊक नव्हतं आणि माझ्या उत्तरावर श्रद्धा बसल्यामुळे सर ते विसरले. वाटी झाली ती वाटी आणि वाडगा यांच्या मधलं काहीतरी. दोघंही पोट धरून हसलो. ती त्यांनी मलाच दिली. "चूक तुमची, भांडं तुमचं," म्हणाले. त्यातूनच मी पुढे ताक प्यायले, माझ्या लेकीला त्यातच दूध-भात कालवला, आणि आता नात त्यात शेंगा सोलते. आमच्या घरात चांदी जपून ठेवायची सवय कुणालाच नव्हती, कारण जपायला आधी ती असावी लागते. म्हणून मी पहिल्या दिवशीच पास झाले.

सरांचं घराणं उदगीरचं, भुसार व्यापाऱ्यांचं. घरच्यांनी यानं गादीवर बसावं म्हणून बरीच खटपट केली, पण हे चित्र काढायला मुंबईच्या कलाशाळेत गेले आणि तिथे धातुकामाच्या एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हाती लागले. त्या मास्तरांनी त्यांना एक गोष्ट सांगितली होती, जी पुढे सरांनी मला, माझ्या नवऱ्याला, शाळेच्या शिपायाला आणि एसटीत शेजारी बसलेल्या कितीतरी अनोळखी माणसांना सांगितली. इंग्लंडात शंभरेक वर्षांपूर्वी काही माणसं कारखान्यांच्या एकसारख्या, निर्जीव मालाला विटली. त्यांनी हातानं वस्तू करण्याची चळवळच उभारली. खुर्च्या, गालिचे, पुस्तकं, आणि चांदीची भांडीसुद्धा. वाडगे, चमचे, किटल्या. भांडं घडवून झालं की शेवटी सगळीकडून बारीक ठोके देतात, त्याला आपल्याकडे मठारणं म्हणतात. ते ठोके त्या लोकांनी घासून गुळगुळीत केले नाहीत, मुद्दाम तसेच ठेवले. म्हणजे बघणाऱ्याला कळावं की हे कुण्या माणसानं केलंय. आणि अशी वस्तू रोजच्या जेवणात असावी, साध्यासुध्या माणसाच्या सुद्धा. हे सांगताना सरांचा चेहरा असा फुलायचा की जणू ती माणसं उदगीरचीच होती. मी एकदा विचारलं, "मग त्या भांड्यांतून साधीसुधी माणसं जेवली का?" सर हसून म्हणाले, "न्हाई ना. लई महाग पडली. सगळी श्रीमंतांच्या कपाटात गेली... पण बाई, आपण लातुरात ती चूक दुरुस्त करू."

चूक दुरुस्त करायचा त्यांचा मार्ग म्हणजे तपासणी. बहिणीच्या लग्नात वाट्या दिल्या, मित्राच्या मुलाला उष्टावणाचा चमचा दिला, कुणाला पेला, कुणाला तबक. चांदी ज्याची त्याची, कष्ट सरांचे, आणि अट एकच, रोज वापरायचं. लोक हो हो म्हणायचे आणि वस्तू मऊ कापडात गुंडाळून कपाटात ठेवून द्यायचे. मग सर न सांगता जेवणाच्या वेळी त्या घरी उगवायचे. थोड्याच दिवसांत गावाला हे ठाऊक झालं. सर गल्लीच्या तोंडाशी दिसले की घरोघरी धावपळ, "अगं सर आले, सर आले, ती वाटी काढ!" आणि सर आत येईपर्यंत चांदीच्या वाटीत घाईघाईनं चटणी वाढलेली असायची. एका घरी तर विड्याच्या पानांच्या तबकात गडबडीत वरण वाढलं होतं. पण कपाटात पडून राहिलेली चांदी काळवंडते आणि रोजच्या हाताखालची लख्ख राहते, हे त्या बायकांच्या लक्षात यायचं नाही. काळी ठिक्कर वाटी सर नुसती उजेडाकडे धरून बघायचे. दोन घास खायचे आणि बाहेर येऊन मला म्हणायचे, "नापास."

या सगळ्या नापासांचे महामेरू होते काशिनाथअप्पा. अप्पा सरांचे चुलतमामा, आडतीचे मोठे व्यापारी आणि आमच्या शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष. लातुरात चांदीनं भरलेलं सगळ्यात मोठं कपाट त्यांच्या घरात होतं आणि त्याची किल्ली त्यांच्या कंबरेला. सरांच्या हातची भांडी तर त्यांनी कौतुकानं विकत घेतली होती, एकूण एक कुलपात. मामा-भाच्याचं या विषयावरचं भांडण गावाला पाठ होतं.

"गुरुनाथ, चांदी ठेवायला असती. खायला पितळ हाय, स्टील हाय," अप्पा म्हणायचे.

"अप्पा, तुमच्या गळ्यात लिंगाची डबी चांदीची हाय. ती तर रोज अंगावर असती. तिला का ठेवत न्हाई कुलपात?"

"ते देवाचं काम हाय. हे पोटाचं."

"पोट काय सैतानानं दिलं का?"

यावर अप्पा काठी उगारायचे आणि सर हसत पळायचे. पण मला ठाऊक होतं, ते हसणं वरवरचं होतं. बाकी सगळं गाव नापास झालं असतं तरी सरांनी सोसलं असतं. त्यांना अप्पा पास व्हायला हवे होते. वडील लवकर गेलेल्या या पोराला लहानपणी अप्पांनीच खांद्यावर बसवून यात्रा दाखवली होती, आणि मुंबईला जायचं म्हणाल्यावर साऱ्या घराच्या विरोधात तिकीटही त्यांनीच काढून दिलं होतं. "अप्पांनी एकदा माझ्या भांड्यातून, सवयीनं, विचार न करता खाल्लं ना बाई, की मी सुटलो," असं ते एकदा म्हणाले होते. सवयीनं आणि विचार न करता, या शब्दांवर त्यांचा फार जोर होता.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला आणि शेडमधली टक टक बंद झाली. नांदेडच्या सराफ्यात आणि इकडे लातुरातही बाया कडी-तोडे कागदात बांधून मोडीला आणत होत्या. चांदी हवी तेवढी मिळाली असती. सरांनी एक तुकडा घेतला नाही. "कुण्या लेकीच्या पायातलं वितळवून मी वाटी करू? हात उचलत न्हाई," म्हणाले. अप्पांनी शाळेच्या फाटकाशी पाणपोई घातली होती. टँकरचं पाणी रांजणात भरून ठेवायचे, आणि खडी फोडायच्या कामावरून परतणारी माणसं तिथे थांबायची. प्यायला मात्र एक फुटका तांब्या. सरांनी मुलांसाठी आलेल्या दूधपावडरीचे रिकामे डबे घेतले आणि त्यांचे पेले करायला बसले. कड आत वळवून गोल केलेली, ओठाला लागू नये म्हणून. कान अंगठा बसेल असा. आणि सवय कुठे जाते, त्या टिनालाही बाहेरून मठारलेलं! मी मुखेडला लहानपणी वरून ओतलेलं पाणी ओंजळीत प्यायलेली मुलगी. त्या पाणपोईवर कुणाच्या हातातला पेला कुणाच्या हातात जात होता, कुणी कुणाला काही विचारत नव्हतं. तहानच तेवढी होती. मला त्या पेल्यांचं जे काही वाटायचं ते मी सरांना कधी सांगितलं नाही, सांगायची गरज नव्हती.

एक दिवस भर उन्हात अप्पा आडतीवरून आले, रांजणापाशी थांबले, टिनाचा पेला बुडवला आणि उभ्या उभ्या घटाघट प्याले. सरांनी माझी बाहीच ओढली. "बाई! अप्पा माझ्या हातचं भांडं वापरून राहिले!"

"टिनाचं आहे ते, सर."

"म्हणूनच की. चांदीचं असतं तर कुलपात गेलं असतं." हसले, पण मग बराच वेळ ते अप्पांच्या हातातल्या पेल्याकडेच बघत राहिले.

दुष्काळ सरला, टक टक पुन्हा सुरू झाली, आम्ही दोघंही आपापल्या संसारात पडलो. आणि मग लातूर वेगळा जिल्हा झाला. त्या दिवसांत गावाच्या अंगात काय संचारलं होतं ते आज सांगून पटणार नाही. केशकर्तनालयापासून पिठाच्या गिरणीपर्यंत जो तो पाटीवर 'जिल्हा लातूर' रंगवून घेत होता. पेंटरला दम खायला वेळ नव्हता. मुंबईहून मोठे पाहुणे येणार होते आणि सत्कार समितीचे अध्यक्ष अर्थातच काशिनाथअप्पा. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "गुरुनाथ, चहाची किटली कर. चांदीची. मंचावर पाहुण्यांना मी माझ्या हातानं चहा ओतणार. आता आपण जिल्हा हाव, स्टीलच्या किटलीनं कसं भागंल?"

सर धावतच माझ्याकडे आले. "बाई, अप्पा स्वतःच्या हातानं ओतणार हायत!" पुढचे कित्येक दिवस शाळा सुटली की शेड, आणि शेडमध्ये सर. ती किटली मी चकतीपासून बघितली आहे. तापवायची, पाण्यात विझवायची, ठोकायची, पुन्हा तापवायची. पोट डाळिंबासारखं गोल, त्यावर दाट मठारकाम, चोच आखूड आणि खाली वाकलेली, थेंब न सांडणारी. आणि मूठ लाकडाची. शिसवाची. चांदी उकळत्या चहानं क्षणात तापते, तेव्हा धरायची जागा लाकडाचीच हवी, हे त्यांच्या मुंबईच्या मास्तरांनी शिकवलं होतं. शिसव कुठून आणायचं, तर शाळेच्या एका मोडक्या खुर्चीचा पाय त्यांनी कामाला लावला. किटली झाली तेव्हा शांतावहिनी बघायला आल्या, त्यांनी ती हातात धरली आणि म्हणाल्या, "हिला बघून मलाच चहा प्यावासा वाटून राहिला." एवढा छान अभिप्राय सरांना दुसऱ्या कुणी दिला नाही.

अप्पांना किटली आवडली. खटकली ती मूठ. चांदीला लाकूड? ते सरांना काही बोलले नाहीत, भाच्याचं मन दुखवायला नको. पण कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी त्यांनी किटली सराफाकडे पाठवली आणि लाकडी मूठ काढून तिथे भरीव चांदीची मूठ बसवून घेतली. त्यात कसला कद्रूपणा नव्हता, उलट घसघशीत चांदी जास्तीची घातली होती. पाहुण्याच्या मानात कुठे उणं राहू नये, एवढंच त्या भल्या माणसाच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी मंडप खचाखच भरलेला. मी मंचाच्या कडेला स्वागतगीताच्या मुलींना घेऊन उभी, सर समोर पहिल्या रांगेत, इस्त्रीचा सदरा घालून. पाहुण्यांना फेटे बांधले, हार झाले, आणि एकानं तबकात किटली आणली. वाफा निघत होत्या. नुकताच उकळलेला, आल्याचा चहा. सर उठून उभेच राहिले. "बाई! मूठ! मूठ!" ते ओरडत होते, पण ताशे वाजत होते, मला फक्त त्यांचे ओठ दिसले. मी वळून पाहीपर्यंत अप्पांनी किटली पकडली होती.

अप्पांचा चेहरा आधी लाल झाला, मग कपाळावरची विभूती घामानं ओघळली. पण किटली त्यांनी सोडली नाही. पाहुण्यांसमोर, साऱ्या जिल्ह्यासमोर, कशी सोडणार? एक कप भरला. दुसरा भरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी, दात आवळलेले, आणि त्यावर यजमानाचं हसू. मंचावरचे सगळे कप भरले तेव्हाच त्यांनी किटली खाली ठेवली आणि हात उपरण्यात लपवला. मुख्य पाहुणे गहिवरले. भाषणात म्हणाले, "या वयोवृद्ध माणसाच्या डोळ्यांतले अश्रू पाहा, लातूरकरांची जिल्ह्याची ओढ त्यात दिसते!" मंडपात टाळ्यांचा कडकडाट. माझ्या मुली गाऊ लागल्या, पण मी मात्र हसू दाबता दाबता बेसूर झाले.

मागच्या खोलीत अप्पा हात दह्यात बुडवून बसले होते. सर त्यांच्या पायाशी, रडवेले. "अप्पा, मी लाकूड काय शोभेला लावलं होतं का?"

"तुझी चांदी चावरी हाय, गुरुनाथ."

"चांदी न्हाई, अप्पा, तुमची मूठ चावली."

अप्पांनी दह्यातल्या हाताकडे पाहिलं आणि असे हसत सुटले की दही सांडलं. मी आणि सरही हसलो. त्या क्षणी मला वाटलं, आता सगळं जमलं. पण नाही. सरांनी आठवडाभरात पुन्हा शिसवाची मूठ बसवून किटली नेऊन दिली, तर अप्पांनी ती त्यांच्या डोळ्यांदेखत कपाटात ठेवली, किल्ली फिरवली आणि म्हणाले, "सगळ्या गावासमोर मला रडवलं हिनं. आता ही भाईर येत न्हाई." अप्पांच्या तोंडून एकदा शब्द गेला की तो त्यांच्याकडूनही मागे घेतला जात नसे. त्या संध्याकाळी सर शेडमध्ये ओंडक्यापाशी नुसते बसून होते. मी त्यांना एवढं खचलेलं पुन्हा कधी पाहिलं नाही, आणि मलाही फार वाईट वाटलं. "माझी सगळ्यात चांगली वस्तू, बाई," एवढंच म्हणाले.

पुढे वर्षं गेली. सर निवृत्त झाले, मी निवृत्त होऊन नांदेडला लेकीजवळ आले. तपासण्या चालूच होत्या, अप्पांकडेही ते जायचे, स्टीलच्या तांब्यातून पाणी पिऊन परत यायचे. अप्पा पिकल्या वयात गेले तेव्हा सर लेकरासारखे रडले. किटलीचा विषय मी काढला नाही, त्यांनीही काढला नाही.

आणि आता सर गेले. फोन आला त्या दुपारी मी लातूरला पोचले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. सगळं आटोपून, मातीला जाऊन मंडळी परतली. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, चहा शेजारपाजारहून येतो. शांतावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मी त्यांच्याजवळ. एवढ्यात अप्पांची सून महादेवी दारातून आत आली. एका हातात कपांचं ताट, दुसऱ्या हातात... मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. किटली. शिसवाच्या मुठीची.

"ही... कपाटातून काढली का गं आज?" मी विचारलं.

महादेवी माझ्याकडे बघतच राहिली. "कपाटातून कशाला, बाई? आमचा रोजचा चहा हिच्यातच असतो की. अप्पा होते तवापासनं."

"पण सर तर यायचे तुमच्याकडे..."

"सर आले की अप्पा म्हणायचे, लपव, लपव! भाईर काढणार न्हाई म्हणून बसले होते ना. मग मी ही पिठाच्या डब्यात ठेवायची. एकदा तर भरलेली ठेवली, सगळं पीठ भिजलं. सर जाईस्तोवर अप्पा असे ताठ बसायचे, आणि ते वळले की, आण गं चहा!"

साऱ्या गावानं सरांना बघून चांदी बाहेर काढली, आणि एका अप्पांनी ती लपवली! मला हसू फुटलं. दुःखाच्या घरात, इतक्या माणसांत, मला ते आवरेना, आणि मग एकदम वाटलं, हे सरांना कळायला हवं होतं. आयुष्यभर वाट बघितलेली गोष्ट पिठाच्या डब्यात होती आणि ते पाणी पिऊन परत येत राहिले. माझं हसू तिथेच अडलं.

"त्यांना ठावं होतं," शांतावहिनी म्हणाल्या.

आम्ही दोघी वळलो. वहिनींचे डोळे सुजलेले होते, पण ओठ हलत होते. "मूठ झिजली म्हणून अप्पांचा सुतार शिसवाचा तुकडा शोधत फिरत होता. लातुरात शिसव कुणाकडं असणार? इथंच आला. कशाला पाहिजे म्हणून यांनी विचारलं न्हाई, माप बघूनच समजले. दिला. मग मागं कदी तरी दुसऱ्यांदा आला, तवाबी दिला. त्या दिवशी घरी शिरा करायला लावला मला. आणि तवापासनं अप्पांच्या गल्लीत जाताना हे मोठ्यानं खाकरत, चपला आपटत जायचे. म्हणायचे, म्हाताऱ्याला लपवायला वेळ पाहिजे ना."

"मला कसं नाही सांगितलं कधी?"

"तुम्ही अप्पांच्या तोंडावर हसला असता, बाई. तुम्हाला हसू आवरत न्हाई. हे म्हणायचे, आता बघायचं काही राहिलं न्हाई तिथं, उगं अप्पांना भेटायला जातो."

महादेवीनं चहा ओतला. थेंब सांडला नाही. किटली तिनं आमच्यामध्ये खाली ठेवली तेव्हा मी ती इतक्या वर्षांनी जवळून पाहिली. एका बाजूला पोचा आलेला, आत चहाचा काळा थर, बाहेरून लख्ख. वहिनींनी पोटावरून हळूच बोट फिरवलं आणि एका जागी थांबल्या. ओतताना दुसऱ्या हातानं फडकं धरून टेकू देतात, तिथे सरांनी एकेक करून दिलेले ठोके झिजून पार सपाट झाले होते.

"इथलं मठारकाम गेलं की हो," त्या म्हणाल्या, आणि सकाळपासून पहिल्यांदाच मोकळेपणानं रडल्या. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी कप उचलला, चहाचा घोट घेतला आणि महादेवीला म्हणाल्या, "साखर कमी झाली गं. उद्या जरा जास्त टाकून आण."